‘बरी आहे’ म्हणायचं नाही

मेडिकल बोर्डाच्या खोलीबाहेर एक लांब लाकडी बाक होता. त्यावर बसावं की उभं राहावं, हे मला पावणेदोन तासांत ठरवता आलं नाही.

बसले तर बसवतंय असं दिसणार. भरपाईच्या अर्जात मी लिहून दिलं होतं की सलग २० मिनिटांच्या वर बसता येत नाही. भिंतीला टेकून, कमरेवर हात ठेवून उभी राहिले तर नाटक दिसणार. येरझाऱ्या घातल्या तर काय, चालता येतंयच की. दाराला काच होती आणि आतला शिपाई अधूनमधून त्या काचेतून डोकवायचा. पुढचा नंबर कुणाचा एवढंच तो बघत असणार, पण मला वाटत होतं तो माझी मिनिटं मोजतोय. शेवटी मी बाकाच्या अगदी कडेला, अर्धी टेकलेली, अर्धी उभी अशी राहिले. तसं राहिलं की माकडहाडापासून डाव्या मांडीच्या मागपर्यंत कळ जाते. माझ्यासाठी सगळ्यात वाईट बैठक ती. पण दिसायला बरोबर दिसत होती.

खरं दुखणं खरं वाटावं म्हणून मी ते हातानं वाढवून घेत होते. त्याची लाज मला पुढे बरेच दिवस पुरली.

*

मी एका कंपनीच्या रेकॉर्ड रूममध्ये काम करते. १९ वर्षं झाली. आवक-जावक, नस्त्या, गठ्ठे, कुठला कागद किती वर्षं ठेवायचा आणि कुठला कधी फाडायचा, हे माझं जग. कागदावर नाही ते घडलंच नाही, हे वाक्य मी नव्या मुलांना पहिल्याच दिवशी ऐकवते. बरीच वर्षं मला ते जरा विनोदीही वाटायचं.

त्या दिवशी मंगळवार होता. ऑडिटवाल्यांना सात वर्षांपूर्वीचा एक गठ्ठा हवा होता आणि तो रॅकच्या सगळ्यात वरच्या कप्प्यात होता. आमच्या शिडीच्या एका पायाचं रबरी बूट केव्हाच गळून पडलं होतं. त्या पायाखाली आम्ही पुठ्ठ्याची घडी लावायचो. हे सगळ्यांना माहीत होतं, मलाही. मी पाचव्या पायरीवर होते, गठ्ठा दोन्ही हातांत, आणि पुठ्ठा सरकला.

पडतानाचं मला काही आठवत नाही. आठवतं ते गठ्ठ्याची दोरी सुटून कागद फरशीभर पसरले ते. माझ्या तोंडून पहिलं वाक्य आलं, “क्रम बिघडू देऊ नका.” दुसरं आलं, “काही नाही, काही नाही. बरी आहे मी.”

धावत आलेल्या पोरांनी मला उठवलं, खुर्चीवर बसवलं. कुणीतरी अपघाताची नोंदवही आणली, कारण नोंद त्याच दिवशी झाली पाहिजे असा आग्रह या खात्यात माझाच. शेजारच्या टेबलावरच्या मुलीनं विचारलं, “मॅडम, काय लिहू?” मी म्हटलं, “लिही, घसरले म्हणून. लागलं-बिगलं काही नाही.” तिनं स्वच्छ अक्षरात लिहिलं: शिडीवरून घसरल्या. इजा नाही. खाली मी सही केली. हसत केली. आज ती सही बघते तेव्हा तिचं वळणसुद्धा प्रसन्न दिसतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मला अंथरुणातून उठता येईना. एक्स-रेमध्ये माकडहाडाला बारीक तडा दिसला. डॉक्टर म्हणाले, दीड-दोन महिन्यांत भरून येईल. आलाही. हाडानं आपला शब्द पाळला. दुखणं मात्र तिथेच राहिलं, आणि पुढच्या चार महिन्यांत ते कमरेत, मग डाव्या मांडीत असं हातपाय पसरून बसलं.

*

मराठीत ‘बरं’ हा शब्द फार लबाड आहे. बरं नाही म्हणजे आजारी. बरा झाला म्हणजे दुखणं उतरलं. पण बरी आहे म्हणजे काय? म्हणजे चाललंय. म्हणजे रडत नाहीये. म्हणजे विचारलंत, छान वाटलं, आता पुढचं बोला. पेपर ‘बरा’ गेला असं मुलगी सांगते तेव्हा काय समजायचं ते कुठल्याही आईला कळतं. आणि ‘बरं, बरं’ म्हटलं की विषयच मिटला.

एवढ्या पसरट शब्दाचं केसपेपरवर जाताना एकच रूप होतं. डॉक्टर विचारायचे, “काय, कसं आहे?” मी म्हणायचे, “बरं आहे.” ते लिहायचे: आराम आहे.

आठ महिन्यांत मी १४ वेळा गेले. त्यातल्या ९ केसपेपरांवर ‘आराम आहे’. नंतर मी ते मांडून मोजले म्हणून सांगते. त्या नऊही वेळा मी रिक्षात तिरकी बसून, एका कुल्ल्यावर भार घेऊन घरी आलेली आहे. पण समोर माणूस बसलाय, बाहेर रांग आहे, त्यानं आपुलकीनं विचारलंय, मग त्याला काय गाऱ्हाणं सांगायचं? आजवर माझ्यावर झालेले सगळे चांगले संस्कार त्या नऊ कागदांवर माझ्याविरुद्ध साक्ष देत उभे आहेत.

भरपाईचा दावा फेटाळल्याचं पत्र आलं ते दीड पानाचं होतं. अपघाताच्या दिवशी इजा नसल्याचं अर्जदारानं स्वतः नोंदवलं आहे. पुढील तपासण्यांत आराम पडत असल्याचं दिसतं. अस्थिभंग पूर्ण भरला आहे. एमआरआयमधील बदल वयोमानानुसार आहेत. सबब सध्याच्या तक्रारींचा अपघाताशी संबंध प्रस्थापित होत नाही. त्या पत्रात एकही खोटं वाक्य नव्हतं, हे मला कबूल केलंच पाहिजे. पत्रं लिहिणं-वाचणं माझ्याच धंद्यातलं. इतकं नेटकं पत्र मला माझ्या खात्यात कुणी लिहून दिलं असतं तर मी त्याची पाठ थोपटली असती.

*

मग मी वाचत सुटले. रात्री झोप लागत नव्हतीच.

कामावरच्या अपघाताची भरपाई ही व्यवस्था मुळात एका तडजोडीतून उभी राहिली. १८८४ साली बिस्मार्कच्या जर्मनीत अपघात विम्याचा कायदा झाला. चूक कुणाची हे विचारायचं नाही, कामगारानं मालकाला कोर्टात खेचायचं नाही, आणि त्याबदल्यात मालकांच्या वर्गणीतून ठरावीक रक्कम मिळायची. पूर्ण अपंगत्व आलं तर पगाराच्या दोन तृतीयांश. १८९७ मध्ये ब्रिटननं आपल्या पद्धतीनं असाच कायदा केला आणि पुढे जगभर ही कल्पना पसरली. कल्पना चांगलीच आहे. पण चूक कुणाची हा प्रश्न गेल्यावर सगळं भांडण दुसऱ्या प्रश्नावर येऊन बसलं: नुकसान किती, आणि ते अपघातामुळेच कशावरून? पुठ्ठ्याच्या घडीबद्दल मला अखेरपर्यंत कुणी एक शब्द विचारला नाही. मी शिडीचा फोटो काढून ठेवला होता. त्याला काडीचा भाव नव्हता.

‘किती’चं उत्तर द्यायला याद्या असतात. भारतातल्या १९२३ च्या कामगार भरपाई कायद्याला जोडलेली अनुसूची मी त्या काळात इतक्यांदा वाचली की पाठ झाली. अंगठा गेला तर कमाईच्या क्षमतेचं नुकसान ३० टक्के. तर्जनी पूर्ण गेली तर १४. मधलं बोट १२. करंगळी किंवा अनामिका ७. वाचताना आधी अंगावर काटा येतो आणि मग, खोटं कशाला सांगू, हेवा वाटतो. त्या ओळींत वाद नाही. बोट आहे किंवा नाही. अनुसूचीत न बसणाऱ्या दुखापतीचं काय, तर डॉक्टरनं नुकसान किती ते ठरवायचं. म्हणजे दुखण्याला यादीत ओळ नाही, त्याला माणूस लागतो. आणि त्या माणसाचा विश्वास बसावा लागतो.

हा विश्वासाचा घोळ माझ्या कल्पनेपेक्षा खूप जुना निघाला. १८६६ मध्ये जॉन एरिक्सन नावाच्या लंडनच्या सर्जननं रेल्वे अपघातांतून वाचलेल्या लोकांबद्दल लिहिलं. अंगावर मोठी जखम नाही, पण पाठ दुखते, झोप नाही, काम जमत नाही. लोक त्याला ‘रेल्वेचा कणा’ म्हणू लागले. एरिक्सनचं म्हणणं, धक्क्यानं मज्जारज्जूला इजा होते. १८८३ मध्ये हर्बर्ट पेज या दुसऱ्या सर्जननं ते खोडून काढलं: कण्याला काही झालेलं नाही, हा भीतीचा परिणाम आहे. पेजसाहेब एका रेल्वे कंपनीचे सर्जन होते. त्यांचं सगळंच चुकीचं होतं असं नाही, भीतीनं शरीर बदलतं हे आता कुणीही मान्य करील. पण पगार कुठून येत होता तेही नोंदवून ठेवावंसं वाटतं. सवय.

१९६१ मध्ये हेन्री मिलर या ब्रिटिश मेंदूविकारतज्ज्ञानं व्याख्यानांतून मांडलं की अपघातानंतरच्या अशा तक्रारी दावा निकालात निघाला की बहुतेक मावळतात. नंतरच्या अभ्यासांत तसं दिसलं नाही. पैसे मिळाल्यावरही बऱ्याच लोकांचं दुखणं सुरूच राहिलेलं आढळलं. पण व्याख्यानातलं वाक्य एकदा सुटलं की सुटलं. आमच्या घरच्या एका कार्यात एक नातेवाईक मला मायेनं म्हणाले, “पैसे हातात पडू देत, बघ कसं मोकळं वाटेल.” त्यांनी मिलरचं नावही ऐकलेलं नसणार.

*

विमा कंपनीनं मला त्यांच्या डॉक्टरकडे पाठवलं. माणूस सभ्य होता. पाठीवर हात फिरवला, वाकायला सांगितलं, झोपवून पाय उचलून बघितला. मग उभं केलं आणि दोन्ही हात माझ्या डोक्यावर ठेवून हलकेच खाली दाबलं. “कमरेत दुखतं?”

दुखलं. मी म्हटलं, “हो, थोडं.” त्यांनी काहीतरी लिहिलं.

मग गप्पा मारता मारता मला खुर्चीत बसवून पाय सरळ करायला लावला, तळपाय बघायचाय म्हणून. मी केला. पुन्हा काहीतरी लिहिलं.

या खुणांना वॉडेलच्या खुणा म्हणतात, हे मला घरी येऊन कळलं. गॉर्डन वॉडेल हे स्कॉटिश हाडांचे डॉक्टर, १९८० मध्ये त्यांनी त्या मांडल्या. डोकं हलकेच दाबल्यानं कमरेवर फारसा ताण येत नाही, म्हणून तिथे दुखलं तर एक खूण. झोपवून पाय उचलताना दुखतो आणि बसून सरळ करताना दुखत नाही, तर आणखी एक. अशा खुणा जास्त निघाल्या की रुग्णाच्या दुखण्यात शरीराखेरीज मनाचाही भाग तपासावा, एवढंच वॉडेलना म्हणायचं होतं. पण खुणा बनवणाऱ्याच्या हातात त्या राहतात थोड्याच. दाव्यांच्या जगात त्यांचा अर्थ झाला ‘सोंग’. १९९८ मध्ये वॉडेलना एका सहकाऱ्याबरोबर पुन्हा लेख लिहून सांगावं लागलं की हे सोंग पकडायचं यंत्र नव्हे.

माझ्या रिपोर्टात मात्र लिहिलं होतं: तक्रारी तपासणीशी विसंगत.

एमआरआयचीही तीच गत. १९९४ मध्ये अमेरिकेत पाठ न दुखणाऱ्या ९८ लोकांचे एमआरआय काढले, तर सगळ्या गाद्या ठीक असलेले फक्त ३६ टक्के निघाले. बाकीच्यांच्या मणक्यांमधल्या गाद्या कुठे ना कुठे फुगलेल्या, सरकलेल्या, आणि माणसं मजेत. हे वाचून माझी पंचाईत झाली. माझ्या एमआरआयमध्ये दिसणारी फुगवटी माझ्या बाजूनं काहीच सिद्ध करत नव्हती. पण मग फोटो स्वच्छ असता तर त्यानं तरी काय सिद्ध झालं असतं? दोन्हीकडून कागद मुका.

माझ्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी मला समजावलं ते सगळ्यात कामाचं ठरलं. दुखापत भरल्यावरही मज्जारज्जूतल्या पेशी जास्त हळव्या होऊन राहू शकतात, त्याला मध्यवर्ती संवेदनशीलता म्हणतात. क्लिफर्ड वुल्फ यांनी १९८३ मध्ये प्राण्यांवरच्या प्रयोगात ते दाखवलं. साधा स्पर्श, साधं बसणंसुद्धा वर पोचेपर्यंत वेदना होऊन पोचतं. मी त्यांना म्हटलं, म्हणजे आमच्याकडे एक क्लार्क होता तसं. एकदा एक तातडीचं पत्र त्याच्याकडून राहिलं, साहेबांनी झापलं, आणि त्यानंतर तो पेन्सिलींच्या मागणीपत्रावरही लाल शाईनं ‘अति तातडीचे’ लिहून वर पाठवायचा. बदली होईपर्यंत त्याची ती सवय गेली नाही. बाई खूप हसल्या. म्हणाल्या, बरोबर, आणि तो क्लार्क खोटारडा नसतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात, जे जानेवारी २०२२ पासून लागू झालं, तीन महिन्यांपेक्षा जास्त टिकणाऱ्या दुखण्याला स्वतःचं घर मिळालं आहे. एमजी ३० हा त्याचा क्रमांक, आणि दुखापतीनंतर किंवा शस्त्रक्रियेनंतर मागे राहिलेल्या दुखण्याला त्याच्या पोटात वेगळी जागा. रेकॉर्ड रूमच्या बाईला यानं किती बरं वाटलं असेल ते इतरांना कळणार नाही. क्रमांक आहे, म्हणजे कप्पा आहे.

*

फॉर्मवर रकाना होता: वेदनेची तीव्रता, ० ते १०. मी सहा लिहिलं, खोडलं, सात लिहिलं. मग वाटलं खाडाखोड संशयास्पद दिसेल, म्हणून नवा फॉर्म आणला आणि पुन्हा सहा लिहिलं.

कॅनडाच्या मॅकगिल विद्यापीठातल्या रोनाल्ड मेल्झॅक यांनी १९७५ मध्ये एक प्रश्नावली छापली. तिच्यात आकडा गौण, मुख्य मालमसाला म्हणजे दुखण्याचे ७८ शब्द, २० गटांत लावलेले. ते वाचून मी आमच्या भाषेतले शब्द काढत बसले. कळ निघते, म्हणजे उठते आणि जाते. सणक त्याहून बारीक आणि वेगवान. चमक भरते, उसण भरते, दोन्ही हालचालीला अडतात. ठणका नाडीबरोबर पडतो, ठसठस गळवाची. रग लागते ती कष्टानं, तिच्यात थोडा अभिमानही असतो. पाठ धरते, भरून येते, आखडते. पायाला मुंग्या, पाय जड. चुरचुर, भगभग, हुळहुळणं हे सगळं कातडीजवळचं. आणि सल, जो शरीरात आहे की मनात हे भाषेनंच ठरवलेलं नाही. माझ्या कमरेत सकाळी आखडणं असतं, अकराच्या सुमारास भरून येणं, तीनच्या पुढे डाव्या मांडीत भगभग. रात्री कुशीवर वळताना सणक. यातल्या कशाला सहा म्हणायचं?

दाव्याचं पुन्हा अपील करायचं ठरलं तेव्हा वकीलबाईंनी एक गोष्ट पहिल्याच भेटीत बजावली. “मॅडम, आकडा सांगू नका. ‘खूप दुखतं’ पण सांगू नका. काय करता येत नाही ते सांगा. किती मिनिटं, किती वजन, किती पायऱ्या. आणि कृपा करून डॉक्टरांना ‘बरी आहे’ म्हणायचं बंद करा.”

खात्यातून निवृत्त झालेल्या काकांनी दुसरी गोष्ट सांगितली. “ताई, ‘इजा नाही’ तुम्ही लिहिलंत ते खोडता येत नाही. पण तुम्ही पडलात ते त्याच ओळीत लिहिलंय की. आता त्या तिसऱ्या दिवसाचा कागद शोधा.” काकांनी ४० वर्षं हेच काम केलेलं. तिसऱ्या दिवशीच्या केसपेपरवर डॉक्टरांनी घाईघाईत एक ओळ खरडली होती: दोन दिवसांपूर्वी ऑफिसात शिडीवरून पडल्या. ही एक ओळ नसती तर मी हा लेख वेगळ्या सुरात लिहिला असता. कुणावर अशी वेळ आली तर पहिल्या डॉक्टरकडे ‘कुठे, कधी, कसं’ हे स्वतःच्या कानांनी ऐकत लिहून घ्या. मागाहून आणलेली दहा सर्टिफिकेटं त्या ओळीची जागा घेत नाहीत.

मी डायरी सुरू केली. किती वेळ बसले, कधी उठले, कुठली गोळी, किती झोप. हे माझ्या हाताला आपसूक येतं. पहिले दोन महिने डायरी छान चालली आणि मग एक चांगला दिवस आला.

असे दिवस येतात. का येतात ते कुणी सांगू शकत नाही. उठले तर आखडलेलं नाही. दुपार झाली, मांडी गप्प. संध्याकाळी शेजारची दोन वर्षांची चिमुरडी जिन्यात भेटली आणि तिनं नेहमीसारखे दोन्ही हात वर केले. वर्षभर मी तिला नाही म्हणत आले होते. त्या दिवशी उचलता आलं असतं. मला नक्की माहीत आहे की आलं असतं. मी खाली वाकायच्या आधी जिन्यात मागेपुढे बघितलं. कुणाच्या हातात फोन आहे का ते.

दावेदारांचे गुपचूप व्हिडिओ काढले जातात हे मी वाचलं होतं. माझ्या मागावर कुणीही नव्हतं, इतकी मोठी रक्कमही नव्हती. तरी मी तिला उचललं नाही. तिचे हात थोडा वेळ तसेच वर राहिले. मग ती दुसऱ्या पायरीवर बसून आपल्या चपलेशी खेळायला लागली.

रात्री डायरी उघडली आणि पेन अडलं. वकीलबाईंना फोन केला, म्हटलं, चांगला दिवस लिहायचा का? त्या जरा वेळ बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, “लिहा. पण दुसरा दिवसही लिहा.”

दुसऱ्या दिवशी, आदल्या दिवशीच्या उत्साहात मी कपाट आवरलं होतं त्याची भरपाई म्हणून, मी दुपारी दोनपर्यंत उताणी पडून होते. तेही लिहिलं. जिन्यातलं मात्र लिहिलं नाही. त्यासाठी डायरीत रकाना नव्हता.

*

कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाचा २००३ चा एक निकाल आहे, नोव्हा स्कोशिया प्रांतातला. तिथल्या कायद्यानं दीर्घकालीन दुखणं भरपाईच्या नेहमीच्या व्यवस्थेतून सरसकट वगळलं होतं. चार आठवड्यांचा एक पुनर्वसनाचा कार्यक्रम द्यायचा आणि विषय संपला. दोन कामगार लढत वरपर्यंत गेले आणि न्यायालयानं एकमतानं ते वगळणं घटनाबाह्य ठरवलं. तपासणीत ठोस पुरावा सापडत नसला तरी हे लोक खरोखर त्रासात आहेत, याबद्दल शंका नाही, असा निकालाचा सूर. माझ्या दाव्याला त्याचा कायदेशीर उपयोग शून्य. तरी मी तो छापून घेतला आणि फाइलमध्ये सगळ्यात शेवटी लावला. वकीलबाईंनी भुवया उंचावल्या, काढायला मात्र लावला नाही.

तर मेडिकल बोर्ड. आत तीन डॉक्टर होते. मधल्या बाईंनी डायरी मागितली. मला वाटलं चाळतील आणि ठेवतील. त्या वाचत राहिल्या. मग बोट ठेवून म्हणाल्या, “या तारखेला तुम्ही लिहिलंय, आज काहीच दुखलं नाही.”

मी म्हटलं, “हो.”

“आणि कपाट आवरलंत.”

“हो.”

त्यांनी पान उलटलं. दुसरा दिवस वाचला. पुढची पानं भराभर उलटून आणखी दोन तसे दिवस शोधले आणि त्यांच्या पुढचे दिवस बघितले. मग शेजारच्या डॉक्टरांकडे डायरी सरकवून त्यांना काहीतरी हळू आवाजात सांगितलं. माझ्याकडे वळून विचारलं, “आत्ता कशा आहात?”

तोंडात आलं होतं. १९ वर्षांची नोकरी, त्याआधीचं सगळं आयुष्य, सगळं त्या दोन शब्दांपर्यंत आलं होतं. बाहेर माझी मुलगी पर्स सांभाळत बसली होती आणि सकाळपासून तीनदा म्हणाली होती, “आई, तू तो शब्द काढायचा नाहीस.” मी म्हटलं, “बाहेर पावणेदोन तास होते. बाकावर कसं बसावं ते मला कळत नव्हतं. आता डावी मांडी बधिर आहे आणि मला ही खुर्ची सोडून उभं राहायचंय. राहू का?”

“राहा की,” त्या म्हणाल्या.

*

मागितलं होतं त्याच्या निम्म्याहून थोडं जास्त मंजूर झालं. टक्केवारी १५, दोन वर्षांनी फेरतपासणी, बसून करण्याच्या कामात दर अर्ध्या तासानं उठण्याची मुभा. शिडीला चारही बुटं नवी आली आहेत. कुणी मागवली ते आवक-जावकमध्ये सापडलं नाही.

दुखणं आहे. मिलरसाहेबांच्या हिशोबानं ते एव्हाना मावळायला हवं होतं.

फेरतपासणी आहे म्हणून डायरी चालू ठेवली. गेल्या आठवड्यात लिहायला बसले तर आधीची तीन पानं कोरी. गुरुवार, शुक्रवार, शनिवार. मी आठवून पाहिलं. शुक्रवारी गोळी घेतली होती का? शनिवारी मुलीबरोबर बाहेर गेले होते, उभ्यानं बरंच फिरलो, रात्री शेक घेतलेला आठवतो, पण तो शनिवारचा की त्याआधीचा? मागच्या तारखेनं नोंद करू नये, हेही मी नव्या मुलांना पहिल्याच दिवशी सांगते. शेवटी तिन्ही पानांवर तारखा घातल्या आणि खाली लिहिलं: नोंद नाही.